नोंदलेले, पण न वापरलेले

व्यापारचिन्हाचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून गल्ल्यामागे टांगले, की दहा वर्षांची निश्चिंती झाली, असे अनेक व्यावसायिक मानतात. कायदा तसे मानत नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ४७ नुसार, नोंदवहीत प्रत्यक्ष नोंद झाल्यानंतर सलग पाच वर्षे चिन्हाचा प्रामाणिक वापर झाला नसेल, तर त्यामुळे बाधित होणारी व्यक्ती ते वगळण्याची मागणी करू शकते. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांतील वापर जमेस धरला जात नाही. अर्जाची कुणकुण लागताच घाईने चार खोकी बाजारात उतरवून भागत नाही. मुळात वापराचा हेतूच नव्हता असे ठरले, तर पाच वर्षे थांबण्याचेही कारण नाही.

‘ड्रिस्टान’चा खटला ह्या हेतूवरूनच उभा राहिला. अमेरिकन होम प्रॉडक्ट्स कॉर्पोरेशनने हे नाव १९५९ मध्ये भारतात नोंदवले. गोळ्या मात्र जेफ्री मॅनर्स ही भारतीय कंपनी बनवणार होती. त्या बाजारात आल्या १९६१ च्या ऑक्टोबरात. दरम्यान मॅक लॅबोरेटरीजने ‘ट्रिस्टीन’ नावासाठी अर्ज केला. अमेरिकन कंपनीने हरकत घेताच मॅकने ‘ड्रिस्टान’चीच नोंद रद्द करण्याची मागणी केली. मालक स्वतः माल विकणारच नव्हता, मग वापराचा हेतू कोठला? कलकत्ता उच्च न्यायालयाला हे पटले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तो निर्णय फिरवला व नोंदणीकृत वापरकर्त्यामार्फत वापरण्याचा हेतू ग्राह्य धरला. एका गोळीचे नाव राखण्यात जवळजवळ दोन तपे गेली!

छोट्या व्यावसायिकाने येथे थबकावे. चिन्ह वडिलांच्या नावे, माल मुलाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा आणि दोघांत एका ओळीचाही करार नाही, हे चित्र विरळा नाही. आजच्या कायद्यात परवानगीने झालेला वापर मालकाचाच मानला जातो. ती परवानगी मात्र लेखी हवी.

आयातबंदीसारख्या, व्यापारातील विशेष परिस्थितीमुळे वापर थांबला असेल तर कायदा सवलत देतो. केवळ मालकाचे दुर्लक्ष त्यात बसत नाही.

असा अर्ज निबंधकाकडे किंवा उच्च न्यायालयात करता येतो. पूर्वीचे अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले. तेथे उपयोगी पडतात ती चिन्हासह छापलेली विक्रीची बिले, वेष्टनांचे नमुने, जाहिरातींची देयके, तीही वर्षवार लावलेली. नूतनीकरण शुल्काची पावती वापराचा पुरावा ठरत नाही.