रिकाम्या घरट्याचीही नोंद

डिसेंबरात फ्लोरिडातल्या एखाद्या उंच पाइनवर बाल्ड ईगलचं घरटं असतं आणि खाली, शंभर मीटर तरी लांब, तिपाईवर दुर्बीण लावून एक स्वयंसेवक उभा असतो. दिसतं इतकंच: काटक्यांच्या ढिगाच्या काठावर एक पांढरं डोकं. ते किती खाली आहे, यावर सगळं अवलंबून. अगदी खोल, न हलता बसलेलं असेल तर अंडी उबवणं चालू आहे; नर-मादी आळीपाळीने बसतात. साधारण पस्तीस दिवसांनी बसण्याची ढब बदलते. पक्षी उभा राहतो, मान वाकवतो, पायाखालचा मासा तोडतो, पुन्हा वाकतो. पिल्लू अजून दिसलेलं नसतं, पण भरवणं चाललंय हे उघड असतं. वहीत तारीख पडते.

‘ऑडुबॉन फ्लोरिडा’ या संस्थेचा ‘ईगलवॉच’ हा उपक्रम १९९२ पासून अशाच लोकांवर चालतो. त्यांना आधी प्रशिक्षण मिळतं आणि मग १ ऑक्टोबर ते १५ मे या विणीच्या हंगामात नेमून दिलेलं घरटं पुन्हा पुन्हा पाहायचं असतं. जवळ जायचं नाही. गरुड बिचकून उडाला की अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. कोकणकिनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड याचाच नातलग. त्याच्याही घरट्याखाली गर्दी करू नये ती याचसाठी.

पण या कामाचा खरा पूर्वज चार्ल्स ब्रोली. कॅनडातला हा बँक मॅनेजर निवृत्त झाला आणि १९३९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर दोराच्या शिडीने गरुडांच्या झाडांवर चढू लागला. दहा वर्षांत त्याने हजाराहून अधिक पिल्लांच्या पायात क्रमांकाच्या कड्या घातल्या. तोवर फ्लोरिडाचे गरुड स्थलांतर करत नाहीत असा समज होता. कड्या सापडत गेल्या थेट कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत!

मग १९४७ पासून पिल्लं कमी होऊ लागली. ब्रोली तरीही त्याच झाडांवर जात राहिला आणि जे नव्हतं तेही लिहीत राहिला. १९५७ मध्ये त्याच्या पट्ट्यातली ४३ घरटी गरुडांच्या ताब्यात होती. त्यांतल्या फक्त सात घरट्यांत मिळून आठ पिल्लं. तेवीस घरट्यांत अंडी होती, पण उबलेली नाहीत. तेरांत अंडंच नव्हतं. पुढच्या वर्षी शंभर मैल किनारा पालथा घातल्यावर कडी घालायला एकच पिल्लू सापडलं. त्याने संशय घेतला तो डीडीटी या कीटकनाशकावर. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात हेच आकडे मांडले. पाण्यातून माशांत, माशांतून गरुडात गेलेल्या या विषामुळे अंड्यांची कवचं पातळ होतात आणि उबवणाऱ्या पक्ष्याच्याच वजनाने फुटतात, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. ते कळायला ब्रोली उरला नव्हता. तो १९५९ मध्ये गेला.

अलास्का वगळता अमेरिकेत १९६३ मध्ये ४१७ जोड्या राहिल्या होत्या. १९७२ मध्ये डीडीटीच्या वापरावर बंदी आली, आणि २००७ मध्ये, जोड्या ९,७८९ झाल्यावर, बाल्ड ईगलचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघालं. संरक्षणाचा १९४० चा कायदा मात्र लागूच आहे. झाडाजवळ घरं बांधायची असतील तर तिथलं घरटं नांदतं आहे का, हे आधी ठरवावं लागतं आणि तिथे स्वयंसेवकांच्या वह्यांतल्या तारखा कामी येतात. वादळात झाड पडलं तर जोडी बहुधा आसपासच दुसरं घरटं बांधते. ते कुठे, हे हुडकायला सहसा पहिले हेच लोक निघतात.