टर्बाइनच्या पात्यावरचा लेप : हव्याशा भेगा, नकोशा भेगा

गेल्या आठवड्यात आपण टर्बाइनच्या पात्याच्या पोटातून खेळवलेली थंड हवा पाहिली. तेवढ्याने भागत नाही. पात्याचा निकेल मिश्रधातू १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो आणि त्याच्या अंगावरून जाणारा वायू १५०० अंशांच्याही वर असतो. म्हणून पात्यावर झिर्कोनियाचा पांढरट लेप चढवतात, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. या झिर्कोनियात सहा ते आठ टक्के यिट्रिया मिसळला की लेप सर्वांत जास्त टिकतो, हे १९७०च्या दशकात नासाच्या क्लीव्हलंड इथल्या केंद्रात स्टीफन स्टेक्युरा यांनी दाखवून दिलं. आजही बहुतेक ठिकाणी हेच प्रमाण चालतं.

हा लेप आगीत टिकतो आणि बहुतेकदा गार होताना सुटतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच.

लेप आणि पातं यांच्यामध्ये ॲल्युमिनियम असलेला एक बंधक थर असतो. तापलेल्या इंजिनात त्यातलं ॲल्युमिनियम ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि ॲल्युमिनाचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा तयार होतो. आता हिशेब पाहा. तापमान एका अंशाने उतरलं की मिश्रधातू दशलक्षात सुमारे चौदा भाग आकसतो, ॲल्युमिना फक्त आठ भाग. अकराशे अंशांनी थंड होताना ही तफावत ०.६६ टक्क्यांवर जाते. ऐकायला किरकोळ, पण ॲल्युमिना इतका ताठ असतो की एवढ्याने त्यात तीन ते चार गिगापास्कल दाब साचतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तीस-चाळीस हजार पट! बाहेरून कसलाही भार नसताना आत राहून गेलेला हा ताण म्हणजेच अवशिष्ट ताण.

दाबाखालचा थर सरळ चिरत नाही, तो निसटायची वाट शोधतो. इंजिन तापत-निवत राहतं तसतसा बंधक थराचा सपाट पृष्ठभाग वळ्यावळ्यांचा होत जातो. प्रत्येक वळीच्या माथ्यावर ॲल्युमिना धातूपासून वर ओढला जातो आणि तिथे पृष्ठभागाला समांतर बारीक भेग पडते. अशा भेगा एकमेकींना मिळाल्या की भिंतीचा रंग फुगावा तसा लेप फुगतो आणि पोपडा गळून पडतो. प्रयोगशाळेत तर टेबलावर थंड होऊन पडलेल्या नमुन्याचे पोपडे काही तासांनी आपोआप सुटल्याचं दिसलं आहे. हवेतली आर्द्रता ॲल्युमिना आणि धातू यांची पकड सैल करते. पाण्याचा एक थेंबही कधी कधी पुरतो.

मग भेगा वाईटच का? मुळीच नाही. इलेक्ट्रॉन झोताने बाष्प करून चढवलेला लेप उभ्या स्तंभांचा असतो. स्तंभांमधल्या फटी धातू फुगला की उघडतात, आकसला की मिटतात. म्हणून ही पद्धत महाग असूनही विमानाच्या फिरत्या पात्यांसाठी वापरतात. प्लाझ्मा फवाऱ्याच्या लेपात वितळलेले थेंब आदळून चपटे होतात, झटकन गोठताना आकसून तडकतात. एकावर एक बसलेल्या या चपट्या थेंबांच्या मधल्या आडव्या फटी उष्णतेची वाट अडवतात. दीर्घकाळ तापल्यावर या फटी बुजतात, लेप ताठ होतो आणि उष्णताही जास्त जाऊ देतो. इथे भेग भरून येणं हेच नुकसान!

नजरेआडचा हा ताण मोजताही येतो. ॲल्युमिनात लेशमात्र क्रोमियम असतं. लेपावर हिरवा लेसर टाकला की ते माणकासारखं लाल चमकतं आणि दाबाच्या प्रमाणात त्या लाल प्रकाशाची तरंगलांबी किंचित सरकते. झिर्कोनिया बराचसा प्रकाश आरपार जाऊ देतो, त्यामुळे लेप न खरवडता आतला दाब कळतो.

वाळवंटावरून उडणाऱ्या विमानांत मात्र बाराशे अंशांच्या आसपास वाळू वितळते आणि याच उपयोगी उभ्या फटींत शिरून गोठते. पुढच्या लेखांकात त्या वाळूविषयी.