बोटभर बाहेर

करवत लावायच्या आधी त्याने फांदीच्या बुडावरून तळवा फिरवला. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, सावकाश, सालीवरची धूळ झटकत. एका जागी बोटं थांबली. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे साल जरा फुगलेली असते आणि वरच्या बेचक्यात तिची काळपट, सुरकुतलेली वळी पडलेली असते. त्या फुगवट्याच्या बोटभर बाहेर त्याने करवतीचे दात टेकवले.

मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहा घेऊन उभा होतो, म्हणजे जवळजवळ त्याच्याच उंचीवर. मे महिन्याचा तिसरा आठवडा. मुंबईत या दिवसांत गल्लोगल्ली हेच चाललेलं असतं : नालेसफाई, ताडपत्र्या आणि झाडांची छाटणी. आमच्या फाटकाशी असलेल्या पर्जन्यवृक्षाची एक दांडगी फांदी शेजारच्या पत्र्यावर टेकायला आली होती. झाड आपल्या आवारात असलं तरी त्याला कोयता लावायला परवानगी लागते, १९७५च्या कायद्यापासून. ती मिळवण्यात सोसायटीच्या सेक्रेटरींच्या चपला झिजल्या, आणि शेवटी ही तिघांची टोळी आली. एक वर, एक दोरावर, एक पाला ओढायला.

"दादा, अगदी खोडाला लागून कापा की. खुंट कशाला ठेवताय?" मी गॅलरीतून शहाणपणा केला.

"काका, लागून कापलं तर खोडाला लागतं."

"आणि तिथे कापलं तर?"

"तिथे फांदीला लागतं. फांदी तर चाललीच आहे."

मला तेव्हा ते उत्तर म्हणजे आगाऊपणा वाटला. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की हा माणूस जे एका वाक्यात बोलून गेला, त्याच्या बरोबर उलट गोष्ट जगभरच्या बागकामाच्या पुस्तकांनी कित्येक दशकं शिकवली होती. फांदी खोडाशी सपाट कापा, जखमेवर रंग फासा, झालं. हे चूक आहे असं पुराव्यानिशी सांगणारा माणूस म्हणजे अमेरिकेच्या वनखात्यातला शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो. एका माणसाला पेलेल अशी यांत्रिक करवत तोवर आली होती. शायगोने ती घेतली आणि हजारो झाडं चिरली. लाकूड सगळेच आडवं कापतात, ओंडके पाडतात. याने ती उभी चिरली, शेंड्याकडून बुडाकडे, फांदीच्या सांध्यातून आरपार. फणस चिरल्यावर आतली सगळी मांडणी दिसावी तशी झाडाच्या पोटातली जुनी दुखणी त्याला उलगडून दिसली. १९७७ साली त्याने ते सगळं एका पुस्तिकेत मांडलं.

त्यातली मुख्य गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प होतो. झाडाची जखम भरून येत नाही. कधीच नाही.

आपलं बोट कापलं तर त्याच जागी नव्या पेशी येतात, महिन्याभराने कुठे लागलं होतं ते शोधावं लागतं. झाडाला ही सोय नाही. लाकडातली प्रत्येक पेशी आपल्या कडक भिंतीत कायमची चिणलेली. ती बदलता येत नाही, काढून टाकता येत नाही. त्यामुळे झाड मोडलेली खोली दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. तिचं दार विटांनी बंद करतं आणि शेजारी नवी खोली बांधायला घेतं.

बंद करायचं म्हणजे चारी दिशांनी. पाणी वर नेणाऱ्या उभ्या नळ्या जखमेच्या आसपास तुंबवल्या जातात, ही पहिली भिंत, सगळ्यात कच्ची. म्हणून तर कूज उभी पळते. आतल्या बाजूला वाढीची वर्तुळं आड येतात. दोन्ही कुशींना, खोडाच्या मध्यातून बाहेर गेलेल्या किरणांसारख्या पेशींच्या ओळी असतात, त्या अडवतात. या तीन भिंती जखमेच्या दिवशी असलेल्या लाकडातल्या. चौथी नंतर बांधली जाते. सालीच्या आत कागदासारखा पातळ, ओलसर जिवंत थर असतो, कँबियम. झाड जाड होतं ते याच्यामुळे. इजा झाल्यावर तो जो पहिला पापुद्रा घालतो तो वेगळाच असतो, बुरशीला न पचणाऱ्या रसायनांनी भरलेला, आणि हीच भिंत सगळ्यांत पक्की. तिच्या आतलं लाकूड कुजेल, भुगा होईल, पोकळ होईल. तिच्या बाहेर जे वाढलं ते शाबूत.

याचा एक परिणाम असा, की पोकळ झाडाची पोकळी म्हणजे एक तारीख असते. ढोलीचा घेर हा ढोबळमानाने त्या दिवशीचा घेर, ज्या दिवशी झाडाला लागलं. त्यानंतर वाढलेलं सगळं लाकूड तिच्याभोवती उभं आहे. वर्तुळं स्पष्ट असली तर वर्षही मोजता येतं. आपल्याकडे सागाची वर्तुळं तशी स्पष्ट असतात. पुण्याच्या हवामानसंस्थेतल्या संशोधकांनी केरळातल्या सागावरून पाचशेहून जास्त वर्षांच्या पावसाचा माग काढलाय. पर्जन्यवृक्ष एवढा नीटनेटका हिशेब ठेवत नाही.

आता त्या फुगवट्याकडे येऊ. फांदी म्हणजे खोडात ठोकलेली खुंटी नव्हे. दरवर्षी फांदीचं नवं लाकूड खोडावर उतरतं, मग खोडाचं लाकूड त्याला वळसा घालतं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसा हा सांधा वर्षानुवर्षं विणला जातो आणि बाहेरून तो फुगवटा दिसतो. आत, फांदीच्या अगदी मुळाशी, बुरशीला रोखणारं रासायनिक कुंपण घालायची झाडाची जागा असते. वाऱ्याने, वजनाने, सावलीने फांद्या जाणं झाडांना काही नवीन नाही. माणसाच्या हातात कुऱ्हाड यायच्या कितीतरी आधीपासून ती फांद्या गमावत आली आहेत, आणि कुठल्या जागी गमवायच्या त्याची तजवीज त्यांनी करून ठेवली आहे. करवत फुगवट्याच्या बाहेर चालली तर जखम फक्त फांदीच्या लाकडाला होते, कुंपण जागच्या जागी राहतं. खोडाशी सपाट कापलं की कुंपणही जातं आणि खोडाचं लाकूड उघडं पडतं. फांदीला लागतं, फांदी तर चाललीच आहे!

हे पडताळायला प्रयोगशाळा नको. रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या झाडाकडे बघा. कापल्या जागेभोवती नव्या लाकडाची कड मेदूवड्यासारखी सगळीकडून गोल आली असेल तर कापणाऱ्याला जागा माहीत होती. कड फक्त डाव्या-उजव्या बाजूला, वर-खाली काहीच नाही, मधे बदामाच्या आकाराचं कोरडं लाकूड, असं दिसलं तर सपाट कापलंय. आणि वीतभर लांब खुंट तसाच सोडला असेल तर कड त्याच्यावरून चढूच शकत नाही. खुंट वाळतो, कुजतो, वाट आत जाते. (तांबट पक्ष्यांची मात्र चंगळ होते. वाळकी फांदी कोरून घर करणारे ते. म्हणून वाळकं दिसलं की तोडलंच पाहिजे असं मला हल्ली वाटत नाही. खाली शाळेचं फाटक नसलं म्हणजे झालं.)

सगळ्यांत वाईट म्हणजे शेंडे छाटून झाडाचं मुंडण करणं. वर्षभरात त्यावर झाडूसारखे हिरवे कोंब फुटतात आणि लोक खूश होतात, झाड जोमाने फुटलं म्हणून. ते कोंब सालीखाली झोपलेल्या डोळ्यांतून घाईघाईने आलेले असतात, त्यांचा सांधा विणलेलाच नसतो. चार-पाच वर्षांनी तेच जाड होऊन वादळात सोलून निघतात.

रंगाचं काय? आमच्याच झाडावर मागे एका कंत्राटदाराच्या माणसांनी फांद्या सपाट कापून वर चकचकीत काळा रंग दिला होता, आणि आम्ही सगळ्यांनी कौतुकाने बघितलं होतं. शायगोने १३ वर्षं चाचण्या करून १९८३ साली निष्कर्ष छापला, की असे लेप कूज थांबवत नाहीत. कोकणातले आंबेवाले मोठी छाटणी झाली की बोर्डो पेस्ट लावतात, पण तिथला धाक खोड पोखरणाऱ्या भिरुडाचा आणि पावसाच्या धारांचा असतो, आणि मोरचूद-चुना म्हणजे काही डांबर नव्हे. त्यांच्याशी वाद घालायला मी जाणार नाही.

तर, करवत. पहिला काप त्याने त्या जागी घातलाच नाही. हातभर बाहेर सरकून आधी खालच्या बाजूने फांदी चिरली, पाव जाडीपर्यंत. मग त्याहून जरा पुढे वरून. कड्ड असा आवाज झाला आणि फांदी खालच्या चिरेशी येऊन सुटली. ती चीर नसती तर पडता पडता तिने सालीची लांब पट्टी खोडावरून खालपर्यंत ओढून नेली असती, केळ सोलल्यासारखी. उरलेला हलका खुंट मग निवांतपणे, त्या बोटभर बाहेरच्या जागी.

फांदी खाली आदळली मात्र नाही. ती वरच्या बेचक्यातून घेतलेल्या दोरावर लोंबकळत होती, आणि दोराचं दुसरं टोक खालच्या पोराच्या हातात होतं. पोरगं पन्नास किलोचंही नसेल. फूटभर जाड, दहा फूट लांब ओली फांदी, पाण्याइतकं वजन धरलं तरी दोनशे किलो. तो ती एका हाताने सोडत होता आणि दुसऱ्या हाताने गुटख्याची पुडी चाचपत होता.

जादू त्याच्या दंडात नव्हती, दोराच्या वेढ्यांत होती. त्याने तो खोडाला दोनदा गुंडाळला होता. दोर आणि साल यांचं घर्षण मध्यम धरलं तर एका वेढ्याने हाताची ताकद साडेसहा पट होते. दुसऱ्या वेढ्याला ती दुप्पट होत नाही, पुन्हा साडेसहाने गुणली जाते : ४३ पट. तिसऱ्याला २८५. पाच किलोच्या ओढीने दोनशे किलो तोलले जातात आणि मूठ सैल केली की सरकतात. हे गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडलं. विहिरीवर, बंदरावर, मचव्यावर ते हातांना त्याआधीच पाठ होतं. फक्त फांदी दोरावर झटक्याने येऊ द्यायची नाही, झटक्याचा भार वजनाच्या कितीतरी पट होतो.

दुपारी तो आणखी वर गेला. मी ओरडून सांगितलं, आतली बारीक पालवी साफ करा, वारा आरपार जाऊ दे. त्याने ऐकलं नाही. या वेळी मी गप्प राहिलो, आणि बरं झालं. ऑस्ट्रेलियात केन जेम्स हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या झुलण्याची मोजमापं घेऊन २००६ साली दाखवलं, की आजूबाजूच्या फांद्या हा खोडाचा ब्रेक असतो. प्रत्येक फांदीची झुलायची लय वेगळी. एक इकडे जाते तेव्हा दुसरी तिकडे, आणि त्या गोंधळात वाऱ्याचं बळ विरून जातं. खोड एका तालात मागेपुढे डोलायला लागतच नाही. आतल्या फांद्या साफ करून टोकाला तेवढे झुपके ठेवले की उरतं ते टोकाशी वजन बांधलेलं काठीसारखं झाड. वर बसलेल्याला हे पाठीला कळत असणार. फांदी बेताल हलते तोवर तो निर्धास्त असतो.

जेवणाच्या सुट्टीत तो खाली आला, तेव्हा बोलणं निघालं. वेंगुर्ल्याकडचा. वडील पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, आयुष्यभर माडावर. "पण माडाचं वेगळं," तो म्हणाला. "माडाला फांदीच नाही. कापणार काय?" खरंच वेगळं. माडाच्या बुंध्यात कँबियम नसतो, म्हणून वर्तुळं नाहीत, कड येणं नाही, चौथी भिंत नाही. चढायला घातलेली खाच माडावर जन्मभर तशीच राहते, आणि तेवढ्याच उंचीवर राहते, कारण कुठलंही झाड उंच होतं ते शेंड्याला. माडाचा तो शेंडाही एकच. गाभ्यात गेंडा भुंगा शिरला की सगळा माड जाऊ शकतो, म्हणून पाडेली नारळ पाडून झाल्यावर वर बसल्या बसल्या गाभा तपासतो, झावळ्या साफ करतो. "बाबांनी घातलेल्या खाचांवर अजून पाय बसतो माझा," तो म्हणाला. "बाबा जरा ठेंगणे. खाचा जवळजवळ आहेत."

निघताना त्याने आमचा तो जुना, काळ्या रंगाचा घाव बघितला. रंगाला तडे गेले होते. त्याने दोन बोटांनी पोपडा उचकटला, मग हात आत घातला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. बाहेर आला तो मुठीत ओला, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा भुगा घेऊन. काही न बोलता तो त्याने बुंध्याशी टाकला आणि नळावर हात धुतले.

पाऊस झाला. झाड उभं आहे. ऑक्टोबरात एका संध्याकाळी, पर्जन्यवृक्षाची पानं मिटायला लागली तेव्हा, मी गॅलरीतून मेमधल्या कापाकडे नीट पाहिलं. मधलं लाकूड राखाडी पडलंय. भोवती नखाएवढी, फिकट, तुकतुकीत कड आली आहे. वर आहे, खाली आहे, दोन्ही बाजूंना आहे.