केवडा, पण कुठला?

सोलापूरच्या आसपास भाजीचं पान पिवळं पडलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "केवडा पडलाय." केवड्याच्या पिवळट पातीवरून आलेला हा शब्द सुंदर आहे, पण तो एकाच दुखण्याचा नाही. उसाची किंवा भुईमुगाची कोवळी पानं लोहाअभावी पिवळी-पांढरी पडली तर तो केवडा. भेंडीच्या पानावर पिवळ्या शिरांची जाळी उमटली तर तोही केवडा. काकडी-दोडक्यावर दमट हवेत बुरशीचे डाग आले तरी केवडाच. पहिल्याला लोह हवं, दुसऱ्याला औषध नाही आणि तिसऱ्याला मोकळी हवा हवी. म्हणून परसातल्या चार झाडांसाठी काही विकत आणण्याआधी पानाकडे दोन मिनिटं नीट बघावं.

बघायचं ते इतकंच: पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर? आणि पिवळ्या झाल्यात त्या शिरा, की शिरांमधला भाग?

जुन्या-नव्याचा फरक का महत्त्वाचा, ते समजून घेऊ. नत्र झाडाच्या अंगात फिरतं. जमिनीत ते कमी पडलं तर झाड खालच्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं. त्यामुळे खालचं पान शिरांसकट, सगळीकडे सारखं फिकट होतं. मॅग्नेशियमही असंच फिरतं, फक्त त्याच्या कमतरतेत जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. ते कमी पडलं की खालची पानं हिरवीगार आणि शेंडा पिवळा, त्यातही शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा, असं चित्र दिसतं.

आपल्याकडच्या घरबागेत हे पिवळ्या शेंड्याचं चित्र फार दिसतं. लोक मात्र त्यावर युरिया टाकतात, याचं मला वाईट वाटतं, कारण दोष भुकेचा नसतोच. सोलापूरची काळी माती बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली. पाऊस कमी, त्यामुळे चुना धुऊन जात नाही, मातीतच साठतो. कुंडीतली चिमूटभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसून आले तर चुना भरपूर आहे. अशा मातीचा सामू (पीएच) बहुतेक आठच्या आसपास किंवा वर असतो. लोह तिच्यात असतं, पण मुळांना घेता येणार नाही अशा, गंजासारख्या रूपात. त्यात बोअरचं जड पाणी रोज घातलं की भर पडते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो त्याचाच. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालणं मनाला पटतं, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. भाजीच्या कुंडीला ते नकोच.

लोहाची शंका घरीच तपासता येते. कृषी दुकानातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट आणा. लिटरभर फिल्टरच्या किंवा पावसाच्या पाण्यात आधी लिंबाचा रस थोडा पिळा, मग पाच ग्रॅम हिराकस विरघळवा. द्रावण फिकट हिरवट दिसलं पाहिजे. तांबूस झालं तर ते वाया गेलं. तुमच्या मातीत लोहाचं जे होतं तेच बाटलीत झालं. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला हे द्रावण कापसाने लावा आणि दुसरा अर्धा तसाच ठेवा. शहाबादी फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचा डाग निघत नाही. चार-पाच दिवसांत लावलेल्या भागात हिरवे ठिपके किंवा हिरवी झाक आली तर निदान पक्कं. मग त्याच द्रावणाची फवारणी आठ-दहा दिवसांनी, दोन-तीनदा करा. मातीत द्यायचं तर हिराकस ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवावं. नुसतं टाकलं तर चुना ते लगेच निकामी करतो.

रंग बदलला नाही, तर मुळांकडे वळा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आपण कुंड्या तुडुंब भरतो, मग पुढचे काही दिवस त्यांतली माती भेगाळते. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली हवा जाते आणि मुळं गुदमरतात. माती ओली असूनही पानं मलूल आणि पिवळी दिसली तर दोन पेरं बोट खुपसून बघा. खाली चिखल लागला आणि आंबूस वास आला तर पाणी थांबवा, कुंडीचं भोक मोकळं करा आणि पुढच्या वेळी मातीत थोडी वाळू आणि भरपूर शेणखत मिसळा.

भेंडीची गोष्ट वेगळी. तिथे चित्र उलटं असतं: शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, पुढे सगळंच पान पिवळं, शेंगाही फिकट आणि राठ. हा विषाणू आहे. मुंबई इलाख्यात 1924 साली कुलकर्णी यांनी या रोगाची नोंद केली होती. तो पांढऱ्या माशीतून पसरतो, त्याला औषध नाही. रोगट रोप लगेच उपटा, हळहळत ठेवलंत तर शेजारची रोपंही जातील. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि पानाच्या खालून निंबोळी अर्क फवारा. बियाणं घेताना रोगाला तोंड देणारं वाण मागा. परभणी क्रांती हे मराठवाडा कृषी विद्यापीठाचं वाण त्यासाठीच नावाजलं, तरी आता सगळीकडे ते पूर्वीसारखं टिकत नाही.

काकडी-दोडक्यावरचे डाग शिरांनी अडवलेले, कोनदार असतात आणि पावसाळी सकाळी पानाच्या मागे करडी लव दिसते. अशी पानं काढून टाका, वेल मांडवावर चढवून हवा खेळू द्या आणि पाणी मुळाशीच घाला. डाग वाढतच राहिले तर तांबेयुक्त बुरशीनाशक, पुडक्यावर लिहिलेल्या प्रमाणातच.

उन्हाळ्यात वांग्या-टोमॅटोच्या पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके आले तर पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर ते लाल कोळी. दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. आणि तळाचं एखाददुसरं म्हातारं पान पिवळं होऊन गळत असेल, वरचं झाड तजेलदार असेल, तर ते पान काढून खतात टाका.

उपाय लागू पडला का, हे पिवळ्या झालेल्या जुन्या पानावरून ठरवू नका. पंधरा दिवसांनी शेंड्याला फुटलेलं नवं पान उन्हाकडे धरून बघा.