भांड्यावरचे नाव आणि संगणकातली भिंत

लग्नघरी शेजारपाजारची पातेली, पराती, डबे गोळा होतात. त्या प्रत्येक भांड्यावर मालकाचे नाव कोरलेले तुम्ही पाहिले असेल. नाव नसेल तर कार्य आटोपल्यावर कोणती परात कोणाची, असा गोंधळ उडतो. संगणकातही असाच गोंधळ होऊ शकतो, आणि तिथे तो परातीपुरता राहत नाही.

मोठी इमारत बांधण्याआधी आता ती संगणकात उभारतात. या पद्धतीला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, थोडक्यात ‘बिम’, म्हणतात. कागदी नकाशातली भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. बिममधल्या भिंतीला मात्र स्वतःचे माहितीपत्रक असते. ती भार पेलते का? तिच्यातून उष्णता किती जाते? आगीपुढे ती किती वेळ टिकते? हे सारे त्यात लिहिलेले असते.

वास्तुशिल्पज्ञ, अभियंते आणि वीजतज्ज्ञ निरनिराळी सॉफ्टवेअर वापरतात. त्यांना एकमेकांची माहिती वाचता यावी, म्हणून ‘आय.एफ.सी.’ ही समाईक रचना आहे. ‘बिल्डिंगस्मार्ट’ ही संस्था ती सांभाळते. 2013 साली ही रचना ‘आय.एस.ओ. 16739’ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली.

या मानकात गुणधर्मांचे गट ठरवून दिले आहेत. भिंतीच्या एका गटाचे नाव आहे ‘पीसेट_वॉलकॉमन’. त्यातला ‘लोडबेअरिंग’ हा गुणधर्म भिंत भार पेलते की नाही ते सांगतो, तर ‘फायररेटिंग’ आगीबाबतची प्रतवारी सांगतो. पण सगळ्यांच्या गरजा आधीच कशा ओळखणार? म्हणून कोणालाही स्वतःचे नवे गट जोडण्याची मुभा आहे. मात्र त्यांच्या नावाआधी ‘पीसेट_’ लावायचे नाही. तो उपसर्ग मानकातल्या गटांचा आहे.

असा नियम कशासाठी? घरच्या गटाला ‘पीसेट_’ लावले, तर वाचणारा त्याचा अर्थ मानकात शोधू लागेल. पुढे मानकातच त्या नावाचा वेगळा गट आला, तर एका नावाचे दोन अर्थ होतील. म्हणून आपल्या गटाआधी आपल्या संस्थेची आद्याक्षरे लावणे चांगले. भांड्यावर नाव कोरण्यासारखेच हे!

आता समजा, एका इमारतीत जिन्याच्या भिंतीने 60 मिनिटे आग अडवली पाहिजे असे ठरले. ध्वनितज्ज्ञाने त्या भिंतीच्या पत्रकात नुसते ‘रेटिंग: 60’ असे लिहिले. त्याच्या मनात होते डेसिबल, म्हणजे भिंत आवाज किती अडवते ते. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमने ती मिनिटे समजून भिंत पास केली. प्रत्यक्षात ती आगीपुढे 30 मिनिटेच टिकणारी होती. आग लागल्यावर माणसे त्याच जिन्याने खाली धावणार! म्हणून नावातच गुणधर्म स्पष्ट हवा आणि एककही नोंदलेले हवे.

माणूस संदर्भाने अर्थ ओळखतो; असा प्रोग्रॅम अक्षरेच जुळवून पाहतो. ‘फायररेटिंग’ सलग लिहा आणि मध्ये जागा सोडून लिहा, त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे ठरतात.

करून पाहा: तुमच्या वर्गाच्या एकाच भिंतीचे माहितीपत्रक दोघा मित्रांनी एकमेकांना न दाखवता लिहावे. गुणधर्मांची किती नावे अक्षरशः जुळली, ते मोजा. मग दोघांनी बसून पाच नावे ठरवा आणि प्रत्येकापुढे एकक लिहा. तुमच्या वर्गाचे पहिले मानक तयार झाले!