नाही म्हणायला, एक काढा घेतो!

उन्हाळा तापू लागला की जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे, तिरपाड, इंगळूण अशा गावांच्या आसपास, माणसे हिरड्याच्या झाडांवर दिसू लागतात. कोवळे फळ उतरवायचे, अंगणात वाळत घालायचे आणि काळा पडलेला बाळहिरडा पोत्यांत भरून विकायचा. नुसत्या भातखाचरावर इथे वर्ष निघत नाही. अनेक महादेव कोळी कुटुंबांचा किराणा आणि पोरांच्या शाळेचा खर्च या पैशांतून भागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा भरपाईसाठी इथले लोक आंदोलनाला उतरले ते उगाच नव्हे.

औषधाचे झाड ज्यांच्या बांधावर उभे आहे त्यांना ‘झाडपाल्याच्या नादी लागू नका’ असे सरकारी दवाखान्यातून सांगण्यात अर्थ नाही, आणि ते कोणी ऐकतही नाही. मी ॲलोपॅथीचा डॉक्टर. बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाचा किंवा साखरेचा रुग्ण आला की माझा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?’ उत्तरही ठरलेले असते. ‘काय नाय डॉक्टर.’ मग मी केसपेपरवर लिहीत बसतो, घाई करत नाही. मिनिटभराने आवाज येतो, ‘नाही म्हणायला, सकाळचा एक काढा घेतो.’ काढ्यामागून गुडघ्याची पुडी निघते, पुडीमागून कुणा पाहुण्याने दिलेली बाटली निघते. कधी शेवटी असेही कळते की आमच्या गोळ्या तीन महिन्यांपासून बंदच आहेत.

लोक हे लपवतात, कारण सांगितले की डॉक्टर ओरडतात. त्यात रुग्णाचे नुकसान आहे. काढा घेतल्याने जेवढे बिघडत नाही, तेवढे तो न सांगितल्याने बिघडते.

हिरड्याचेच बघा. बद्धकोष्ठासाठी हिरडा किंवा त्रिफळा घेण्याची चाल जुनी आहे आणि ठरावीक प्रमाणात बहुतेकांना ती मानवते. आमच्या दवाखान्यातले उपायही याच जातीचे आहेत. इसबगोल म्हणजे एका रोपट्याच्या बियांची टरफले. सोनामुखीच्या पानांतल्या घटकाच्या गोळ्या जगभरचे डॉक्टर लिहून देतात. फक्त इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि थायरॉइडसारख्या इतर गोळ्यांपासून काही तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर त्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. गरोदर बाईने हिरडा घेऊ नये, हे आयुर्वेदानेच सांगून ठेवले आहे. आणि पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली, शौचातून रक्त जाऊ लागले, वजन उतरले, तर चूर्णाचा डबा बाजूला ठेवून तपासणीला यावे. तिथे आतड्याचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावे लागते.

सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचे एक झाडही आढळते. त्यात कॅम्प्टोथेसिन हा पदार्थ असतो. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी तो एका चिनी झाडातून वेगळा केला, आणि १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना तो आपल्या नरक्यात सापडला. त्यापासून बनवलेली इंजेक्शने आज आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात वापरतात. पण नरक्याची साल उकळून प्यायल्याने कोणाचा कर्करोग बरा होत नाही. त्या पदार्थाचे विष आणि औषध यांतले अंतर मिलिग्रॅममध्ये मोजावे लागते. झाडात औषध असते, यात वादच नाही. ते किती, कोणाला आणि कशाबरोबर द्यायचे, हे ठरवायला मात्र मोजमाप लागते.

औषध न घेता बरे होण्याच्या मार्गाचे, म्हणजे निसर्गोपचाराचे, एक मोठे केंद्र आपल्याच जिल्ह्यात उरुळी कांचनला आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आले, त्यांनी स्वतः रुग्ण पाहिले आणि पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला. इकडचेही काही लोक अशा केंद्रांत दहा-पंधरा दिवस राहून येतात आणि हलके होऊन येतात. यात चमत्कार कसला? मोजके जेवण, मीठ नावापुरते, तंबाखू-दारू बंद, सकाळ-संध्याकाळ चालणे, वेळेवर झोप. यांतल्या बऱ्याच गोष्टी रक्तदाब उतरवतात आणि त्याला भक्कम पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपण त्याच्या दीडपट-दुप्पट खातो. ठेचा, लोणचे, पापड आणि बाजारचे सुकट-बोंबील धरले तर हिशेब कुठे जातो, ते प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. (मासवडी सोडा असे मी सांगत नाही. रश्श्यातले मीठ तेवढे कमी करा.)

अडचण येते ती घरी परतल्यावर. तिथे रक्तदाब उतरला म्हणून गोळी कमी झालेली किंवा बंद झालेली असते. घरी आल्यावर आठ दिवसांत जेवण पूर्वीसारखे होते, गोळी मात्र सुरू होत नाही. रक्तदाब वाढला की दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. मग एके दिवशी पहाटे गोठ्यात जाताना हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते. अशा रुग्णाला रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. डोंगरातल्या वाडीवरून तेवढ्या वेळात योग्य रुग्णालयात पोहोचणे किती अवघड आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून आश्रमातून आल्यावर पहिल्या आठवड्यात रक्तदाब मोजून घ्या, नंतर दर पंधरा दिवसांनी. उपकेंद्रात तो फुकट मोजतात. जीवनशैली खरोखर टिकली तर गोळी कमी करायला आम्हालाही आवडेल, पण ती मोजून कमी करू.

गांधीजींबद्दल एक गोष्ट मी रुग्णांना आवर्जून सांगतो. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने त्यांचे अपेंडिक्स काढले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. मातीच्या पट्ट्यांवर आणि उपवासावर आयुष्यभर विश्वास असलेल्या माणसाने, वेळ आली तेव्हा, सुरीला होकार दिला.

साखरेच्या बाबतीत आहार हाच उपचार ठरू शकतो, हे आता आम्ही डॉक्टरही मान्य करतो. २०१७ साली ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह होऊन सहा वर्षे झालेली नव्हती आणि इन्सुलिन सुरू नव्हते, असे वजनदार रुग्ण त्यात होते. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे कॅलरींचा आहार दिला आणि साखरेच्या गोळ्या पहिल्या दिवशीच थांबवल्या. वर्षभराने ४६ टक्के लोकांची साखर गोळीशिवाय आटोक्यात होती; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. म्हणजे गुण येतो, पण वजन पुन्हा वाढले की तो जातो. शिवाय हे सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते, आणि लहानपणीच इन्सुलिन लागलेल्या मुलांचा या अभ्यासाशी काही संबंध नाही. अशा मुलाचे इन्सुलिन कोणाच्या सांगण्यावरून चार दिवस बंद केले तरी जीव जाऊ शकतो.

आपल्याकडे उपास वेगळ्या कारणाने होतात. संकष्टी, एकादशी, नवरात्र. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची आणि दिवसभर पाण्यावर राहायचे, वर कोणी सांगितले म्हणून कारल्याचा रस. दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस भलतेच बोलू लागतो. घरच्यांना वाटते देवाचे काही आहे. खरे तर साखर पार उतरलेली असते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवा. उपास करा, पण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि मात्रा बदलून घ्या. उलट बाजूही आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू खाल्ले तर उपासाच्या दिवशी साखर नेहमीपेक्षा जास्तच निघते.

मला खरी भीती वाटते ती गुडघेदुखीच्या आणि दम्याच्या बिननावाच्या पुडीची. आठवडी बाजारात किंवा कुठल्यातरी ‘प्रसिद्ध’ ठिकाणी ती मिळते, आणि एका रात्रीत दुखणे थांबते. झाडपाला इतक्या झटपट काम करत नाही. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड कुटून घातलेले सापडते. महिना-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, भूक वाढते, कातडीवर निळे डाग पडतात, साखर आणि रक्तदाब चढतो. आणि पुडी एकदम बंद केली तर उलट्या होतात, गळून जायला होते, रक्तदाब कोसळतो, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. म्हणून पुडी सुरू असेल तर घाबरून ती फेकू नका, ती घेऊन आमच्याकडे या. हळूहळू सोडवता येते. गुडघ्यासाठी खरे औषध कंटाळवाणे आहे: मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे. गरम शेकाने आराम पडतो, तो जरूर घ्यावा.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?’ असे मला विचारतात. ज्येष्ठमध खोकल्यासाठी दोन दिवस चघळले तर काही होत नाही. रोज महिनोन्‌महिने घेतले तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर तो ओतून द्या. २०१० मध्ये असा रस पिऊन दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असे स्पष्ट सांगितले. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. ती वेल दुसऱ्या जातीची असू शकते, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. त्यानंतरच्या देशव्यापी अभ्यासात असे आणखी रुग्ण आढळले. वाद काहीही असो, ज्याला आधीच कावीळ किंवा यकृताचा आजार आहे त्याने गुळवेलाच्या वाटेला जाऊ नये. तसेच मूत्रपिंड कमजोर असेल तर शहाळे आणि फळांचे रस ही ‘शक्ती’ नव्हे. त्यातल्या पोटॅशियमने हृदय थांबू शकते.

काही वेळा मात्र ‘सोबत’ या शब्दालाही जागा नसते. छातीत दुखून घाम फुटणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, लहान मुलाचा श्वास लागणे, सर्पदंश. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा बहुधा खूण दिसत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशा वेळी पाला चोळण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. १०८ ला फोन करा.

बाकी आजारांत दोन्ही हातांनी उपचार करायला आमची हरकत नाही. उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी पुष्कळदा आयुर्वेदाचेच पदवीधर असतात, त्यांनाही विचारा. पुढच्या वेळी तपासणीला येताना घरात जे काही घेता ते सगळे एका पिशवीत घालून आणा: गोळ्यांची पाकिटे, चूर्णाचा डबा, काढ्याची बाटली, बिननावाची पुडी. बाटली रिकामी असली तरी चालेल, तिच्यावरचे लेबल वाचता आले पाहिजे. आणि पुडी जिथून आणली त्या ठिकाणाचे नाव सांगायचे नसेल तर सांगू नका, ती कधीपासून आणि दिवसातून किती वेळा घेता, एवढे मात्र सांगा.