ग्रंथपालबाई आणि ऑनलाइन वर्ग

आपल्या वाघोलीत नगर रस्त्याच्या आसपास इतकी महाविद्यालयं आहेत, की सकाळच्या बसमध्ये पुस्तकांपेक्षा मोबाइलच जास्त उघडे दिसतात. त्याची तक्रार करायला मी आलेले नाही. त्या मोबाइलवर अभ्यासाचं काय पोचतं आणि ते पोचवायला महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला काय शिकावं लागतं, एवढंच आज सांगायचं आहे.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालयं बंद झाली. वर्ग पडद्यावर सुरू झाले, ग्रंथालयाला मात्र कुलूप लागलं. शिक्षकांनी सांगितलेलं पुस्तक मुलीच्या हातात येणार कसं? दाखल नोंदवही, बोधांक, देवघेव कक्ष ही आमची सगळी व्यवस्था वाचक आपल्या पायांनी आत येईल हे धरून केलेली. वर्ग पुन्हा भरू लागले, पण ऑनलाइन अभ्यास काही गेला नाही.

गूगल क्लासरूम, मूडल, झूम अशी नावं ऐकून वाटतं, आता पुन्हा पदवी घ्यावी लागणार. तसं काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकलेली फाइल चार ‘सुप्रभात’ आले की वर सरकून हरवते. क्लासरूममध्ये ती आपापल्या विषयाच्या, प्रकरणाच्या शीर्षकाखाली राहते. म्हणजे कपाटातला कप्पाच की! वर्गीकरणात हयात गेलेल्या बाईला हे चटकन जमतं.

कस लागतो तो फाइल तयार करताना. घरात एकच फोन, त्यात धाकट्या भावाचीही शाळा आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक. तासाभराचा व्हिडिओ पाहिला तर अर्धा-एक जीबी सहज संपतो. तेच दहा मिनिटांचं बोलणं नुसत्या आवाजात दिलं, तर साधारण पाच एमबीत मावतं. पुस्तकाची पानं मोबाइलच्या कॅमेऱ्यानं रंगीत टिपली, तर चाळीस पानांचं प्रकरण सत्तर-ऐंशी एमबीचं होऊन बसतं. कृष्णधवल स्कॅन केलं, की ते त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं होऊ शकतं आणि अक्षरही स्पष्ट दिसतं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. मी त्यात वाचकाचा डेटाही धरते.

मराठीची एक वेगळीच अडचण आहे. जुन्या नोट्स बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. संगणकावर त्या सुरेख दिसतात. तोच फाँट नसलेल्या फोनवर मात्र नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणांची खिचडी. म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. छापील पानाचं चित्र असेल, तर त्यातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारी सोय आता मराठीलाही आहे. पण ती ‘घ’चा ‘ध’ करते, ‘भ’चा ‘म’ करते, रफार गाळते. ओळन् ओळ मूळ पानाशी ताडून पाहावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण सोडू नये. कारण दृष्टिहीन विद्यार्थिनीचा फोन पान वाचून दाखवतो तो या मजकुरावरून. नुसत्या फोटोपुढे तो गप्प बसतो.

कुणी विचारेल, अख्खं पुस्तकच स्कॅन करून का पाठवत नाही? तिथं कायदा येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला गाजला, त्यात २०१६ मध्ये उच्च न्यायालयानंही अभ्यासासाठीच्या प्रतींच्या बाजूनं कौल दिला. पण बाजारात मिळणारं पुस्तक सगळ्या गावाला उघडं करून देणं वेगळं. आम्ही नेमलेलं प्रकरण त्या वर्गापुरतंच ठेवतो.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी साहित्य सर्वांसाठी खुलं होतं. त्यामुळे ताराबाई शिंदे यांची १८८२ ची ‘स्त्री-पुरुष तुलना’ मुलींना निर्धास्त देता येते. नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा मात्र संपादकाच्या असतात, त्या वगळायच्या.

शिवाय पुष्कळसं आधीच तयार आहे. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, मराठी विश्वकोश नेटवर मोफत आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे. तिच्यात सभासद महाविद्यालयातल्या मुलींना हजारो नियतकालिकं घरबसल्या वाचता येतात. पासवर्ड ग्रंथालयातूनच मिळतो, आणि तो मागायला फार थोड्या मुली येतात! तुमची लेक किंवा सून महाविद्यालयात असेल तर तिला आजच विचारा, पासवर्ड घेतलास का.

नुसता दुवा पाठवून भागत नाही, हेही खरं. कोणतं पान, किती वाचायचं, फाइल किती एमबीची, हे दुव्याखाली दोन ओळींत मराठीत लिहावं. एमबीचा आकडा दिसला, की आत्ता उघडायची की महाविद्यालयाच्या वायफायवर, हे मुलगी स्वतः ठरवते.

आणि जिच्याकडे फोनच नाही, तिच्यासाठी त्याच प्रकरणाचा छापील संच देवघेव कक्षात ठेवावा. ओळखपत्र दाखवायचं, सही करायची आणि आठवडाभर घरी न्यायचा.